लेमा चार-सात आणि सिंकखालचा सांधा

वास यायला लागला तेव्हा आमच्या विभागात तीन मतं होती. सरांचं मत, वास बाहेरून येतोय. ताईचं मत, वास सरांच्या केबिनमधून येतोय. माझं मत, वास येतोय. माझं मत सगळ्यांत सुरक्षित होतं, कारण ते सिद्ध करायला नुसतं नाक लागत होतं.

वास साधासुधा नव्हता. ओला मोजा, नासलेलं दूध आणि फुलदाणीतलं महिन्यापूर्वीचं पाणी यांनी एकत्र संसार थाटला, तर त्या घरात जी हवा असेल, तशी आमच्या पॅन्ट्रीत होती. दार उघडलं की वास आधी डोळ्यांत जायचा, मग नाकात. चहा केला की चहाला यायचा. बिस्किटाला यायचा. एकदा मी घरी जाऊन शर्ट काढला आणि मावशी म्हणाली, "कोण मेलंय रे तुमच्याकडे?"

आणि या पॅन्ट्रीला चिकटून असलेल्या सेमिनारच्या खोलीत शुक्रवारी साडेअकराला माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती. सहा वर्षं, एकशे बारा पानं, एक प्रमेय. पास झालो तर डॉक्टर. नाही झालो तर एकोणतीस वर्षांचा एक माणूस, ज्याच्या कपड्यांना वास येतो.

मावशीनं तर दाराची पाटीही करून आणली होती. माझ्या नावाआधी 'डॉ.' लिहिलेलं, आणि त्या 'डॉ.'वर काळी चिकटपट्टी. शुक्रवारी संध्याकाळी ती पट्टी ओढायची असं ठरलं होतं. तोवर शेजारच्या काकू येता-जाता पट्टीकडे बघायच्या आणि मला गुडघ्याचं औषध विचारायच्या. "मी तो डॉक्टर नाही हो," असं मी सांगायचो. "पट्टी निघू दे, मग बघू," असं त्या म्हणायच्या.

आमचा विभाग म्हणजे तीन माणसं. सर माझे गाइड आणि विभागप्रमुखही. म्हणजे सरांची तक्रार करायची तर अर्ज सरांकडेच द्यावा लागतो, आणि सर तो 'पाहिलं' असा शेरा मारून परत देतात. सर सगळ्यावर 'पाहिलं' लिहितात. ताई माझ्याआधी दोन वर्षं डॉक्टर झाली आणि इथेच शिकवायला लागली. ती स्वतःचा कप धुते आणि दुसऱ्यानं धुतलेला नाही हे मोठ्यांदा सांगते, म्हणून ताई. तिसरा मी.

वासाचं मूळ कुठे होतं हे सांगायचं तर आधी सिंक सांगावं लागेल.

पॅन्ट्रीच्या कोपऱ्यात तीन पाइप एकत्र येतात. एक डाव्या भिंतीवरून सिंकचं पाणी आणतो. दुसरा उजव्या भिंतीवरून पाण्याच्या कूलरचं सांडलेलं आणतो. तिसरा सरळ खाली जातो. तिघं एकमेकांना काटकोनात, आणि जिथे भेटतात तिथे वाटीएवढा एक सांधा. शाळेच्या पुस्तकात तीन अक्ष दाखवतात ना, अगदी तसं. फक्त पुस्तकातल्या आरंभबिंदूला उष्ट्या चहाची साय चिकटलेली नसते.

प्रत्येक पाइपला मध्यावर एक झाकण आहे. झाकण उघडायचं, लांब ब्रश घालायचा, गरम पाणी सोडायचं. ऑफिसनं नियमाचा कागद भिंतीवर लावला होता. एका माणसानं दोनच पाइप करायचे. एका सफाईला दोन माणसं. आठवड्यात दोन सफाया. 'एका सफाईला दोन माणसं' का, हे कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसला कारण विचारलं की ऑफिस त्याच कागदाची आणखी एक प्रत पाठवतं.

दोन सफाया म्हणजे माणसांच्या चार पाळ्या. आम्ही तिघं. चौथी पाळी कुणाची, यावर दर आठवड्याला जे व्हायचं त्याला विभागाच्या भाषेत चर्चा म्हणतात. ताई एकदा चर्चेत रडली. सरांनी एकदा चर्चेत जुनी हृदयविकाराची फाइल आणली.

आठ महिन्यांपूर्वी मला सुचलं. अक्कल चालवली, दुसरं काय.

माझा विषयच तो होता. तीन अक्ष घ्या. ज्या बहुपदी तिन्ही अक्षांवर शून्य होतात, त्या सगळ्यांचा मिळून एक समूह होतो. त्याला आयडियल म्हणतात. आता त्याचा वर्ग करायचा. एक पद्धत अशी की समूहातल्या दोन बहुपदी घ्यायच्या, त्यांचा गुणाकार करायचा, आणि अशा गुणाकारांतून जे जे तयार होईल ते सगळं घ्यायचं. हा साधा वर्ग. दुसरी पद्धत अशी की गुणाकार कसा झाला ते विचारायचंच नाही. प्रत्येक अक्षावर जायचं, मधेच कुठेतरी थांबायचं, आणि बघायचं की बहुपदी तिथे दोनदा शून्य होते का. होते? मग घ्या आत. हा सांकेतिक वर्ग. साध्या वर्गातलं सगळं सांकेतिकात असतंच. उलट मात्र नेहमी नसतं. सांकेतिक वर्ग अक्षांच्या मधे बघतो. अक्ष जिथे भेटतात त्या कोपऱ्यात तो बघत नाही.

"सर," मी फळ्यावर लिहिलं, "मी एक्स, ताई वाय, तुम्ही झेड."

"मीच शेवटी का?" सर म्हणाले.

"एक्स हा स्वतःचा अक्ष सोडून बाकी दोन अक्षांवर शून्य असतो. म्हणजे मी एक पाइप सोडणार, दोन करणार. ताईचं तसंच. तुम्हीही एक पाइप सोडणार."

"मी खालचा सोडणार," सर लगेच म्हणाले.

"झेड म्हणजे खालचाच, सर."

सरांना झेड आवडायला लागलं.

"नियमाप्रमाणे एक सफाई म्हणजे दोघांचा गुणाकार. दोन सफाया म्हणजे चार पाळ्या, चौथा घातांक. पण तिघांनी एकेकदाच केलं, नुसतं एक्स गुणिले वाय गुणिले झेड, तर? सिंकचा पाइप ताई आणि तुम्ही. दोनदा. कूलरचा मी आणि तुम्ही. दोनदा. खालचा मी आणि ताई. दोनदा. प्रत्येक पाइप दोनदा स्वच्छ, आणि पाळ्या तीनच."

ताई उठून उभी राहिली. "म्हणजे चौथी पाळी नाही?"

"नाही."

"पण हे साध्या वर्गात बसत नाही," ती म्हणाली. डॉक्टर झालेली आहे ती, तिला कळतंच. "साध्या वर्गात प्रत्येक गोष्ट निदान चौथ्या घाताची हवी. हे तिसऱ्याच घाताचं आहे."

"सांकेतिक वर्गात बसतं," मी म्हणालो.

"मग झालं तर," सर म्हणाले आणि फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी 'पाहिलं' लिहिलं.

त्या दिवसापासून आम्ही एकेकटे सफाई करायला लागलो. तक्त्याला तीन रकाने होते, तीन पाइपांचे. प्रत्येकात आठवड्याला दोन टिका पडायच्या. ऑफिसचा माणूस येऊन तक्ता बघून गेला आणि आम्हाला 'स्वच्छ विभाग' असं प्रमाणपत्र मिळालं. आम्ही ते सिंकच्या वरच लावलं. दोन महिन्यांत ते खालून पिवळं व्हायला लागलं.

एकेकट्यानं सफाई सुरू झाली त्याच आठवड्यात सरांचे दात हरवले. सरांना खाली पुढचे चार दात नव्हते, त्यांच्या जागी काढा-घालायची कवळी होती. जेवण झालं की ती काढून ते सिंकमध्ये धुवायचे. एक दिवस दुपारी ती नाहीशी झाली. सरांनी दोन दिवस माझ्या तोंडाकडे बघितलं, मग ताईच्या. नवी कवळी करायला ते तयार नव्हते. "जुनी मिळेल," असं म्हणायचे, म्हणजे 'मिळेल' म्हणताना हवा सुटायची आणि समोरच्याचा चष्मा ओला व्हायचा. आठ महिने सरांनी उकडलेले बटाटे कुस्करून खाल्ले, आणि दर घासाला आमच्याकडे संशयानं पाहिलं.

हे झालं सिंकचं. आता माझं प्रमेय.

सांकेतिक घात साध्या घातात कधी मावतो, हा आमच्या धंद्यातला मोठा प्रश्न आहे. अवकाशातल्या रेघांसाठी एवढं पक्कं माहीत आहे की चौथा सांकेतिक घात साध्या वर्गात मावतो. तिसरा मावेल का? पुष्कळांना वाटायचं, मावेल. मग कुणीतरी बारा बिंदू आणि नऊ रेघांची एक रचना काढून ती आशा मोडली. पण सगळीकडेच मोडते असं नाही. एका बिंदूतून निघणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या रेघांसाठी तिसरा घातही मावतो, हे मी सिद्ध केलं होतं. प्रबंधाचा कणा म्हणजे लेमा चार-सात, म्हणजे ज्या छोट्या पायरीवर सगळं प्रमेय उभं होतं ती. सरांनी त्यावर 'पाहिलं' लिहिलं होतं. बाहेरच्या परीक्षकांनी तर अहवालात लिहिलं होतं, 'लेमा ४.७ विशेष सुंदर.' ती ओळ मावशीनं तीनदा वाचून घेतली. लेमा म्हणजे काय हे तिनं विचारलं नाही. सुंदर म्हणजे काय हे तिला माहीत होतं.

गुरुवारी वास सेमिनारच्या खोलीत पोचला. मी मावशीला म्हटलं, उद्या सकाळी ये.

मावशी प्लंबर आहे. चोवीस वर्षं झाली. शुक्रवारी नऊला ती हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पॅन्ट्रीच्या दारात आली, एक पाऊल आत टाकलं, दोन पावलं मागे गेली.

"शी! अरे, माणसं बसता ना तुम्ही इथे?"

"शिकलेली माणसं बसतो."

"ते दिसतंच आहे."

तिनं तोंडाला रुमाल बांधला, खाली बसली आणि तिन्ही झाकणं एकेक करून उघडली. आत बॅटरी मारली. 

"पाइप तर आरशासारखे आहेत रे."

"मग! आठवड्यातून दोनदा करतो प्रत्येक."

"आणि सांधा?"

"सांध्याचं काय?"

"सांधा कधी उघडला होता?"

मी तक्त्याकडे पाहिलं. तक्त्याला तीन रकाने होते.

"कुणी उघडत नव्हतं का?" मावशीनं विचारलं. "एकानं पाना फिरवायचा, एकानं खाली बादली धरायची. दोन माणसं लागतात."

'एका सफाईला दोन माणसं.' भिंतीवरचा ऑफिसचा कागद मी पुन्हा वाचला. 

"आधी उघडायचो," मी म्हणालो. "दुसऱ्याचं आटपलं की दोघं मिळून खालची वाटी काढून ओतून टाकायचो, कागदावर नसलं तरी. पण आता आम्ही एकेकटे करतो ना."

"कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?"

मी बादली आणायला गेलो.

मावशीनं पाना लावला. "धर नीट. आणि तोंड मिट." पहिल्या फेऱ्यात काही झालं नाही. दुसऱ्या फेऱ्यात सांध्यानं ढेकर दिली. ढेकरच ती, दुसरा शब्द नाही. तिसऱ्या फेऱ्यात वाटी निसटली आणि आतलं जे होतं ते घाई न करता बादलीत उतरलं.

ते पातळ नव्हतं आणि घट्टही नव्हतं. काळं होतं, वर राखाडी लव होती. वाटीचाच आकार घेऊन आलं आणि बादलीतही तो सोडेना. डगडगत होतं. एका बाजूनं त्यातून ताईचे केस लोंबत होते, म्हणजे मी ओळखले, कारण टोकाला लाल रंग होता. चहाची भुकटी, साबणाचा चोथा, कसलीतरी पांढरी सालं. त्यातला एक बुडबुडा हळूच फुगला, मोठा झाला, आणि माझ्याकडे बघत फुटला. मावशीसारखी बाई, जिनं चोवीस वर्षं लोकांच्या संडासात हात घातले, ती खिडकीशी गेली आणि बाहेर डोकं काढून उभी राहिली.

"आठ महिने," ती बाहेरच्या हवेला म्हणाली. "तीन पीएचडी."

"अडीच," मी म्हणालो. "माझी आज आहे."

"पण पाइप स्वच्छ होते ग," मी परत म्हणालो. अजून मला तेच लागून राहिलं होतं.

"पाइप मधे कशाला घाण होईल, डॉक्टर? तिथे पाणी वाहतं. तुम्ही ब्रश मारला की सगळं सरकून इथे येतं. मधे कितीही वेळा बघ, स्वच्छच दिसणार. इथे बघितलं नाहीस तर बघितलंच नाहीस."

मी बादली खाली ठेवली.

मग हात न धुताच सेमिनारच्या खोलीत गेलो. टेबलावर माझ्या प्रबंधाच्या तीन प्रती पडल्या होत्या, नव्या कोऱ्या. पान एकसष्ट उघडलं. पानावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. लेमा चार-सात: 'प्रत्येक रेघेवर तपासले की पुरे.' खाली दीड पान सिद्धता. एका रेघेवर जा, मधे थांब, तपास. दुसऱ्या रेघेवर जा, मधे थांब, तपास. कोपऱ्याचं नाव नाही. सगळ्या रेघा एकाच बिंदूत भेटतात आणि त्या बिंदूवर मी एकदाही गेलो नव्हतो.

पण रेघांच्या मधे तपासणं म्हणजेच सांकेतिक घात. म्हणजे सांकेतिक घन साध्या वर्गात मावतो असं मी सिद्ध केलंच नव्हतं. तो सांकेतिक वर्गात मावतो, एवढंच सिद्ध केलं होतं. जे रेघेवर तीनदा शून्य होतं, ते दोनदा तर होतंच.

मी खुर्चीत बसलो. सहा वर्षं आणि एकशे बारा पानं खर्चून मी सिद्ध केलं होतं की तीन हे दोनपेक्षा मोठे असतात.

स्वतःची शिसारी येणं ही गोष्ट वासापेक्षा वाईट असते. वासापासून लांब तरी जाता येतं.

पॅन्ट्रीतून सरांचा आवाज आला. धावत गेलो. सर बादलीवर वाकले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणतात. मावशीनं चिमट्यात काहीतरी धरलं होतं. चार दात.

"माझे!" सर म्हणाले. चष्मे ओले झाले. "म्हटलं नव्हतं, मिळतील!"

"फेकून द्या सर ते," मावशी म्हणाली.

"सर," मी म्हणालो, "लेमा चार-सात चुकलाय."

सरांनी कवळी नळाखाली धरली; उघड्या सांध्यातून पाणी थेट जमिनीवर आलं. "हं?"

"मी रेघांवरच तपासलंय. आरंभबिंदूवर नाही. त्यातून फक्त एवढंच निघतं की तीन दोनपेक्षा मोठे."

सरांनी कवळी उलटी केली. वरून पाणी, खालून पाणी. पुन्हा वरून, पुन्हा खालून. प्रत्येक बाजू दोनदा. मी मोजलं. दातांच्या मधल्या फटीत काळं तसंच होतं, मला इथून दिसत होतं.

"परीक्षकांनी वाचलंय ना?" सर म्हणाले.

"म्हणजे त्यांनी 'सुंदर' लिहिलंय."

"मी पाहिलंय ना?"

"तुम्ही 'पाहिलं' लिहिलंय, सर."

"आणि प्रमेय खोटं आहे, असं कुठे सिद्ध झालंय?"

"नाही झालं. पण खरं आहे, असंही झालेलं नाही."

"मग कोण बघतंय कोपऱ्यात!" सर म्हणाले, त्यांनी कवळी झटकली, आणि तोंडात घातली.

टक् असा आवाज झाला.

मावशी "अगं आई ग" म्हणून पुन्हा खिडकीकडे गेली. मी जिथे होतो तिथेच राहिलो. सरांनी जीभ फिरवली. ओठ मिटून एकदा चाखल्यासारखं केलं. मग आठ महिन्यांनी पहिल्यांदा, हवा अजिबात न सुटता, ते स्वच्छ म्हणाले, "साडेअकराला सुरू करू. टाय नीट कर."

बाहेरचे परीक्षक बरोबर साडेअकराला आले. गोरेगोमटे, इस्त्रीचे, हातात निर्जंतुकाची छोटी बाटली. खुर्ची पुसली, टेबल पुसलं, मग माझ्याशी हात मिळवला आणि हात पुसला. वास आल्यावर त्यांनी रुमाल काढला आणि तास संपेपर्यंत रुमालातूनच बोलले. सर त्यांच्या शेजारी बसून हसत होते, सगळे दात दाखवून. मी नजर वर नेत नव्हतो. ताई मागे बसली होती. भिंतीपलीकडे मावशी ठोकाठोक करत होती.

"पान सत्त्याऐंशीवर," परीक्षक म्हणाले, "एक स्वल्पविराम जास्त आहे."

"हो, सर."

"समास डावीकडून जरा कमी पडलाय."

"हो, सर."

"बाकी उत्तम. आता औपचारिकता म्हणून, तुमचं मुख्य प्रमेय एका वाक्यात सांगा."

सर माझ्याकडे बघून हसले. दुसऱ्या आणि तिसऱ्या दाताच्या मधे काळं होतं.

"तीन हे दोनपेक्षा मोठे असतात," मी म्हणालो.

परीक्षकांनी रुमाल जरा खाली घेतला. "वा! आजकाल इतकं सोपं करून सांगणारी मुलं कुठे मिळतात?" त्यांनी कागदावर लिहिलं, 'मांडणी स्पष्ट.'

"सर, सोपं करून नाही सांगितलं. तेवढंच आहे."

मी उठलो. फळ्यावर तीन अक्ष काढले, खाली एक्स-वाय-झेड लिहिलं. "हे प्रत्येक अक्षावर दोनदा शून्य होतं. लेमा चार-सातच्या पद्धतीनं तपासलं तर हे साध्या वर्गात आहे. पण साध्या वर्गात तिसऱ्या घाताचं काहीच नसतं, सगळं चौथ्यापासून पुढे. म्हणजे पद्धतच चुकीची आहे. मधे तपासून कोपरा कळत नाही. सहा वर्षांत मी कोपऱ्यात गेलोच नाही."

ताई मागून म्हणाली, "अरे हो की." मग तोंडावर हात ठेवला.

परीक्षकांनी पान एकसष्ट काढलं. माझा काळा अंगठा बघून पान नखानं धरलं. वाचायला लागले. मला वाटतं, तेव्हाच पहिल्यांदा. मान हळूहळू खाली गेली.

"अल्प दुरुस्ती करता येईल," सर पटकन म्हणाले. "फॉर्मवर मधला चौकोन आहे. 'दुरुस्तीसह मंजूर.' मुलगा हुशार आहे."

"प्रस्तावना तर चांगली आहे," परीक्षक म्हणाले. "संदर्भसूची भरगच्च आहे. बाकीची प्रकरणं नीटनेटकी आहेत."

"पाइप चांगले आहेत, सर," मी म्हणालो. "तिसरा चौकोन घ्या. 'नव्याने सादर करावा.'"

"तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय मागताय?"

"हो, सर. मी मघाशी सांधा उघडताना बादली धरली होती."

हे वाक्य त्यांना कळलं नाही. पण सरांना कळलं, आणि त्यांनी तोंड मिटलं. सकाळपासून तेवढी एक गोष्ट चांगली झाली. परीक्षकांनी तिसऱ्या चौकोनात टीक मारली. सहा महिन्यांनी पुन्हा. सरांनी खाली सही केली. सवयीनं त्यांचं पेन 'पाहिलं' लिहायला वळलं, 'पा' लिहून थांबलं आणि पुढे जाईना.

मी पॅन्ट्रीत गेलो. मावशीनं नवी वाटी बसवली होती. ती हात धूत होती, कोपरापर्यंत, नखांच्या फटींतून, परत परत.

"झालास?"

"नाही."

"का?"

"मी पण कोपरा सोडला होता. सहा महिन्यांनी परत."

तिनं हात पुसले, पिशवी बांधली. मग बादलीकडे बोट केलं.

"मग ही तूच धर. डॉक्टर झाला असतास तर मी धरली असती."

"आणि पाटी?"

"पट्टी चांगली चिकट आणलीये. निघत नाही सहा महिने."

मी बादली उचलली. निघायच्या आधी तक्त्यावर पेनानं एक उभी रेघ मारून चौथा रकाना केला आणि वर 'सांधा' लिहिलं. आत टीक केली नाही. सांधा मावशीनं उघडला होता. मी नुसती बादली धरली होती, आणि दोन माणसं लागतात.

मावशी जिन्यानं गेली. लिफ्टमध्ये आपण या बादलीबरोबर येणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. मी लिफ्टमध्ये शिरलो आणि दार मिटता मिटता बाहेरचे परीक्षक आत आले. मला बघून थबकले, पण तोवर दार मिटलं होतं. त्यांनी कोपरानं बटण दाबलं. रुमाल नाकाला, बाटली मुठीत.

पाचवा मजला. चौथा.

"हे काय आहे?" रुमालातून आवाज आला.

"लेमा चार-सात, सर."

त्यांनी भुवया आवळल्या. मला वाटलं, आता तोंड फिरवतील. त्यांनी रुमाल आणखी घट्ट धरला आणि बादलीवर वाकले. आतलं जे होतं ते अजून वाटीच्या आकारात होतं, अजून डगडगत होतं. त्यांनी आधी या बाजूनं पाहिलं, मग मान वाकडी करून त्या बाजूनं पाहिलं. चेहरा हिरवा पडला होता, पण मान वर घेत नव्हते.

तळमजल्यापर्यंत ते तसेच बघत होते. प्रबंध त्यांच्याकडे चार महिने होता.